वाचक विचारतात: थंडी, बंब आणि गुलाबी मणी

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेले की आता पूर्वीसारखी थंडी राहिली नाही, आणि बाई गं, एवढी पत्रं तर दिवाळी फराळाच्या अंकालाही येत नाहीत. अर्धे म्हणतात अगदी बरोबर, अर्धे म्हणतात निफाडला या आणि मग बोला. एकांनी तर नुसता फोटो पाठवलाय, खोबरेल तेलाची बाटली उलटी धरलीये, तेल जागचं हलत नाहीये, खाली एकच शब्द, "बोला". तर या वेळचा अख्खा कॉलम थंडीला. नावं छापत नाही, गावं छापते.

प्रश्न: ताई, तुमचं ते वाक्य वाचलं. आम्ही साठ-सत्तरच्या काळात पेठेत वाढलो, सकाळच्या शाळेला जाताना दात वाजायचे. पण पेपरात तर अजूनही दर डिसेंबरात येतं की पारा ९ वर, पारा ८ वर. मग थंडी खरंच कमी झाली की आम्ही म्हातारे लोक वाढवून सांगतोय? (निवृत्त शिक्षक, पुणे)

उत्तर: सर, दोन्ही थोडं थोडं, रागावू नका. पुण्याचा नोंदलेला सगळ्यात कमी आकडा आहे १.७ अंश, जानेवारी १९३५ चा, म्हणजे तो तुमच्याही आठवणीतला नाही, तुमच्या वडिलांच्या असेल. मुंबईचा ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२, त्याच्याखाली मुंबई नंतर कधी गेलीच नाही. आता हे वाचून वाटेल की बघा, जुनं ते थंड. पण नागपूरकरांना विचारा, त्यांचा ३.५ अंशाचा आकडा २९ डिसेंबर २०१८ चा आहे, तेव्हा आपण सगळे मोबाईल घेऊन फिरत होतो. म्हणजे थंडी येते हो अजून, उत्तरेत हिमालयात बर्फ पडून गेला, तिकडून कोरडं वारं सुटलं आणि वर ढग नसले की चार-पाच दिवस येतेच, आणि समुद्राकडून जरा दमट हवा आली की पळते. हे तेव्हाही असंच होतं.

बदललंय ते आपलं घर. आमचा वाडा जुन्या नाशकातला, कौलांच्या फटीतून झोपल्याझोपल्या चांदणी दिसायची, म्हणजे जिथून चांदणी आत यायची तिथून गारठाही यायचाच ना. खाली शहाबादी फरशी, न्हाणीघर परसात, आंघोळ करून ओल्या पायांनी चौक ओलांडून घरात यायचं, आणि अंगात एकच स्वेटर, तोही मोठ्या भावाचा उसवून परत विणलेला, कोपराजवळ वेगळा रंग. आता बाथरूम बेडरूमला चिकटून. शिवाय सिमेंट आणि डांबर दिवसभर तापतं आणि रात्रभर ती ऊब सोडत बसतं. तुमच्याच पुण्यात बघा, थंडीत पाषाण आणि हवेलीचा आकडा एक, आणि त्याच पहाटे मगरपट्टा किंवा वडगाव शेरीचा त्याहून चार-पाच अंश वर, कधी त्याहूनही जास्त. तेव्हा "पुण्यात आज किती" हा प्रश्नच अर्धवट आहे, पुण्यात कुठे ते आधी सांगा.

प्रश्न: मुंबईत १५-१६ झालं की तुम्ही लोक "हुडहुडी" छापता. आम्हा विदर्भवाल्यांना हसू येतं. याला थंडी म्हणायचं का? (अमरावती)

उत्तर: हसा खुशाल. पण हवामान खात्याचा हिशोबही असाच आहे, थंडीची लाट म्हणायला सपाटीवर पारा १० किंवा त्याखाली लागतो आणि तोही नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरलेला, समुद्रकाठच्या गावांना मात्र १५ सुद्धा चालतात. म्हणजे सरकारनेच मुंबई आणि कोकणाला सवलत दिलीये. आणि आमच्या मुंबईच्या आत्याकडे गोधडी नाही हो, एक पातळ सोलापुरी चादर आहे, ती दुहेरी करून घेतात.

प्रश्न: गेल्या वर्षी महाबळेश्वरला गेलो होतो. सकाळी वेण्णा लेकजवळ गाडीच्या टपावर आणि गवतावर पांढरं बर्फासारखं होतं, मुलांनी खरवडून खाल्लंसुद्धा. पण मोबाईलवर ६ अंश दाखवत होता. ६ अंशाला बर्फ कसा होईल? भाऊजी म्हणतात ते नुसतं धुकं. (बार्शी)

उत्तर: भाऊजींना सांगा पैज हरलात. ते गोठलेलं दवच, तिकडचे लोक हिमकण म्हणतात. गोम अशी की हवामानवाल्यांचा तापमापक जमिनीवर ठेवलेला नसतो, तो सव्वा मीटरभर उंचीवर, लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. तो हवेचं तापमान सांगतो, गवताचं नाही. आणि निरभ्र रात्री, वारा पडलेला असताना, गवताचं पातं आणि गाडीचा पत्रा आपली ऊब थेट आभाळाकडे सोडत राहतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा कितीतरी गार होतात. त्यात वेण्णा लेक, लिंगमळा हा भाग खोलगट, गार हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत येऊन तिथे साचते. म्हणून गावातल्या बाजारपेठेत काही नाही आणि तलावाकाठी पांढरं, असं होतं. मोबाईल तर बहुतेक वेळा आसपासच्या बऱ्याच मोठ्या भागाचा अंदाज दाखवतो, त्याला तुमच्या टपाचं काय ठाऊक.

मुलांनी गाडीच्या टपावरचं खाल्लं हे मात्र वाचून मी दोन मिनिटं डोळे मिटून बसले.

प्रश्न: मी मूळची ठाण्याची, लग्न होऊन निफाड तालुक्यात आलेय, हा पहिलाच हिवाळा. पहाटे साडेतीनला सासरे आणि हे उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला जातात, मी चहाचा थर्मास घेऊन जाते. खरं सांगू का, मला वाटतं हे नुसतं समाधानासाठी आहे, एवढ्याशा धगीने एवढी बाग काय गरम होणार. विचारायची सोय नाही, रागावतील. (निफाड तालुका)

उत्तर: सूनबाई, थर्मास नेता हे फार चांगलं करता. प्रश्नही चांगला आहे आणि मी तो माझ्या मामांना लहानपणी विचारला होता, त्यांचा मळा पिंपळगाव बसवंतच्या बाजूला, आणि त्यांनी उत्तर न देता माझ्या हातात पाचटाची पेंढी दिली होती.

एका मोठ्या जाळाने काही होत नाही हे खरं, मोठा जाळ सरळ वर जातो आणि ऊब घेऊन जातो. पण बांधाने आणि ओळींच्या मधे लहान लहान, धुमसत राहतील अशा बऱ्याच शेकोट्या असल्या की फरक पडतो. थंडीच्या रात्री जमिनीलगत सगळ्यात गार हवा असते आणि तिच्यावर थोडी उबदार, जाळामुळे ती जरा ढवळली जाते, खालचा थर दोन-एक अंशांनी वर आला तरी कधी कधी तेवढंच पुरतं. वारा असेल तर मात्र झोपा म्हणावं, एक तर ऊब टिकणार नाही आणि दुसरं म्हणजे वारा असला की गार हवा साचतही नाही. दुसरा उपाय तुमच्याकडे करतच असतील, पहाटे ड्रीप सोडणं. विहिरीचं पाणी त्या वेळेला हवेपेक्षा चांगलंच कोमट असतं, बादलीत हात घालून बघा, वाफ दिसते. त्याने मुळांजवळची जमीन गार पडत नाही.

आणि एवढी धडपड कशाला, तर पारा फार उतरला की वेलीचं काम थंडावतं, मणी फुगायचे थांबतात, साखर भरायला उशीर होतो, कधी मणी तडकतात. त्यात आणखी एक भानगड, रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन असं चाललं की पांढऱ्या द्राक्षात गुलाबी मणी निघतात, बागायतदार त्याला पिंक बेरी म्हणतात. चवीला वाईट नसतात, पण एक्सपोर्टवाला घड उचलून बाजूला ठेवतो, झालं. म्हणून घडांना कागद लावतात. जानेवारीत तुमच्या भागात रस्त्याने गेलं की मांडवाखाली हजारो घड वर्तमानपत्रात गुंडाळलेले दिसतात. मामींच्या बोटांना त्या दिवसांत शाई लागलेली असायची, भाकरीवर सुद्धा बोटं उमटायची.

म्हणून पुण्या-मुंबईचं कोणी "काय मस्त गुलाबी थंडी" म्हणालं की मामा गप्प बसायचे. त्यांना त्या शब्दाने दुसरंच काही दिसायचं.

सासऱ्यांना विचारू नका, एकदा सोबत जाऊन एक ओळ तुम्ही पेटवा, मग ते आपणहून सगळं सांगतील. आणि सुती कपडे घाला, सिंथेटिक ओढणी जाळाजवळ नको.

प्रश्न: आई इथे आमच्याकडे आलीये, बाहेर उणे दहा. काल नातवाला आंघोळ घालताना म्हणाली "अगं विसण घाल", मला आठवेना म्हणजे काय, मुलगा तर बघतच राहिला. शब्द आहे का असा की आईचा आपला घरगुती? (न्यू जर्सी)

उत्तर: आहे म्हणजे काय, अस्सल आहे! कढत पाण्यात सोसवेल इतपत गार पाणी मिसळतो ते विसण. बंबाच्या जमान्यातला शब्द, नळाला गार-गरम एकत्र यायला लागलं आणि बिचारा बेकार झाला.

तुमच्या मुलासाठी बंब सांगते. तांब्याचं उभं पिंप, पोटातून आरपार एक नळकांडं, त्यात वरून जाळ घालायचा, खाली जाळी, जाळीखाली राख, आणि बाजूला पितळेची तोटी. पाणी नळकांड्याभोवती असतं म्हणून चटकन तापतं. जळणात बंबफोड, म्हणजे वखारीतून बंबाच्या मापाची फोडून आणलेली लाकडं, शिवाय नारळाच्या करवंट्या, शेंगांची टरफलं, आणि शाळेची जुनी वह्या-पुस्तकं (माझी भूमितीची वही मी स्वतःच्या हाताने घातलेली आहे). घरातला कायदा एकच, जितकं कढत काढाल तितकं गार वरून ओतायचं, नाहीतर पुढच्याला पाणी नाही आणि रिकामा बंब तापला तर सांध्यांची झाळ सुटते, मग कल्हईवाल्याच्या नाहीतर तांबटाच्या दारात. आमच्याकडे नऊ माणसं आणि शेवटचा नंबर माझा, कारण मी उठायचेच शेवटी. आजी ओरडायची, "विसण संपलं, आता कढत घे नाहीतर गार घे".

खोबरेल तेलाचा डबा बंबाच्या झाकणावर ठेवायची पद्धत, पातळ व्हायला. एकदा भावाने ठेवला आणि विसरला. मग आईने न बघता तळहातावर घेतलं. फोड आला, मोठा, आणि त्यानंतर आमच्याकडे तेल उन्हातच ठेवायचं असा नियम झाला, मग भले शाळेच्या वेळेला ऊन आलेलं नसो.

प्रश्न: तेल गोठलं म्हणजे शुद्ध, नाही गोठलं म्हणजे भेसळ, हे खरं का? (तोच फोटोवाला वाचक, येवला)

उत्तर: बोलते. खोबरेल तेल साधारण २४ अंशाच्या आसपास घट्ट होतं, तेव्हा तुमच्या येवल्याच्या थंडीत ते गोठलंच पाहिजे, पाण्यासारखं राहिलं तर शंका घ्या. पण गोठलं म्हणून शंभर टक्के शुद्ध असं नाही, थोडी मिसळ असली तरी गोठतं. फोटो छान होता.

प्रश्न: मुलगी पहिल्या बाळंतपणाला आलीये. आमच्या गावात थंडी खूप. सासूबाईंचं म्हणणं, बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर कोळशाची शेगडी ठेवायची आणि दार-खिडक्या घट्ट लावायच्या, आम्ही सगळे असेच वाढलो. मुलगी नको म्हणते. मी मधे सापडलेय. (जुन्नर तालुका)

उत्तर: मधे राहू नका, मुलीच्या बाजूला जा, आजच. सासूबाई वाढल्या ते घर कौलारू होतं, भिंत आणि छप्पर यांच्यामधे हात जाईल एवढी फट असायची, धूर आणि वायू निघून जायचे. तुमची खोली स्लॅबची आहे, खिडकीला स्लायडिंग काच आहे. बंद खोलीत निखारे धुमसले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, डोकं जड होतं आणि झोप येते, आणि झोपलेल्या माणसाला कळत नाही. दरवर्षी थंडीत अशा बातम्या येतात. निखारे विझल्यासारखे दिसले तरी खोलीत ठेवून झोपायचं नाही. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच, खिडकी किंवा झरोका उघडा हवाच. कोणाला चक्कर, मळमळ, डोकेदुखी वाटली तर आधी बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखाना गाठा.

सासूबाईंचा मान राहील असंही करता येतं. संध्याकाळी दार उघडं ठेवून, माणूस शेजारी बसून, ओवा टाकून शेक घ्यायचा, मग शेगडी अंगणात. रात्रीसाठी बाळाला टोपडं, पायमोजे, आणि आईच्या अंगाची ऊब. डिंकाचे लाडू मात्र सासूबाईंनाच करू द्या, त्यात त्यांचं ऐका, डिंक तुपात फुलवायचा तर मंद आचेवर, नाहीतर आत कच्चा राहतो आणि दाढेला चिकटतो.

प्रश्न: दर हिवाळ्यात तुमच्या मासिकात हुरडा, हुरडा आणि हुरडा. आमच्या रायगडात पोपटी असते हे संपादकांना कोणी सांगितलं नाही का? (अलिबाग)

उत्तर: सांगितलं, ऐकलं, चूक कबूल. हुरड्याचं कौतुक होतं कारण त्याची आगटी, कणसं चोळून तळहातावर फुंकर मारणं, लसणाची चटणी, हे सगळं आता पैसे भरून मिळतं, तिकीट लावून. पोपटी अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांची आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, खडेमीठ, मधे बटाटे, अंडी, कोणी मसाला लावलेलं चिकन, परत पाला कोंबून तोंड बंद, मडकं शेतात उलटं, भोवती काटक्या-पेंढ्याचा जाळ. अर्धा-पाऊण तास. पाणी एक थेंब नाही. झालंय की नाही हे वासावरून ओळखायचं, आणि तो वास दुसऱ्या दिवशी स्वेटरला येतो, ऑफिसात लोक विचारतात कुठे गेला होतात. खानदेशवाले आता लिहितील की भरीत राहिलं, आणि ते बरोबर असतील.

प्रश्न: सुनेचा पहिला संक्रांतसण आहे, हलव्याचे दागिने घरी करायची हौस. दोन वर्षं प्रयत्न करतेय, हलव्याला काटा येत नाही, गुळगुळीत साबुदाण्यासारखा होतो. पाक चुकतो का? (डोंबिवली)

उत्तर: पाक थोडा आणि डोंबिवली जास्त. काट्याला कोरडी गार हवा लागते, खाडीकडची दमट हवा आली की साखर नीट वाळतच नाही. माझी आजी भोगीच्या आधी आठवडाभर, पहाटे चारला उठून करायची, ती वेळ उगाच नव्हती. ऊन वर आलं की परात आवरून ठेवायची.

तर तुम्हीही पहाटेच बसा, पंखा बंद. तीळ धुऊन पूर्ण वाळवून घ्या, ओल नको. शेगडीवर परात, आच इतकी मंद की परातीच्या मधोमध तळहात टेकवता आला पाहिजे, गॅस असेल तर खाली तवा ठेवा. पाक एकतारी, थोडं दूध घालून मळी काढलेला. आणि हे मुख्य, एका वेळेला चमचाभरच पाक, त्याहून कमी चालेल. पाक घातला की बोटांच्या टोकांनी तीळ हलवत राहायचं, दाबायचं नाही, घोळवायचं, सगळे दाणे सुटे आणि कोरडे खडखडीत झाल्याचा आवाज येतो, मग पुढचा चमचा. घाई करून दुसरा चमचा लगेच घातला की झाला तुमचा साबुदाणा. पहिल्या दिवशी काटा दिसणारच नाही, घाबरू नका, डब्यात भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाणा हातात घेतला की टोचायला लागतो.

आजीची बोटं या दिवसांत भाजून लाल व्हायची, तरी तिला चमच्याने हलवलेलं चालायचं नाही, म्हणायची चमच्याला काय कळतं. मी शेजारी गोधडी पांघरून बसायचे, काम एकच, ती म्हणेल तेव्हा निखाऱ्यावर राख ओढायची. आणि परातीच्या कडेला जी साखर धरायची ती नखाने खरवडून माझी, आईला न सांगता.